दोनशे एकतीस संत्री

गेल्या महिन्यात चिखलीला गणित शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. सहाच्या पायावरच्या संख्यांचा भाग आला तेव्हा शिकवायला आलेले तज्ज्ञ हसून म्हणाले, "असं कोणी मोजत नाही. उरकून टाका." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. माझी आई असंच मोजायची.

संग्रामपूरकडे एका संत्र्याच्या बागेत ती आणि आणखी चौघी मजुरीला होत्या. झाडाखाली गळून पडलेली संत्री संध्याकाळी पाचजणींनी वाटून न्यायची मुभा होती. आईने शाळा पाहिलेली नव्हती. एका हातात तीन, दुसऱ्यात तीन, अशी सहा संत्री ती एका खेपेला उचलायची. सहा खेपा झाल्या की एक खडा बाजूला. शेवटी खडे, खेपा आणि सुटी फळं यांची मिळून बेरीज करायची, त्यातून पाच-पाच वजा करायची आणि वाटणीआधीच किती उरणार ते सांगायची. एकदाही चुकली नाही. सहातून पाचजणींना एकेक दिलं की एक उरतं. खड्याच्या छत्तीसमधून सात-सात दिली तरी एकच उरतं. हाच नियम मी पुढे कॉलेजात शिकले, मोठी गोष्ट म्हणून. वाटून उरलेली संत्री मला मिळायची.

मी सातवीत असताना एकदा मालक आला आणि आज किती गळाली ते विचारलं. आई म्हणाली, "दोन खडे, तीन खेपा, एक सुटं." मी मोठी शहाणी. वहीत २३१ लिहिलं आणि वही त्याच्यापुढे धरली.

तो भडकला. एका दिवसात दोनशे एकतीस गळतात होय? झाडं हलवून पाडता तुम्ही.

"मालक, ढीग समोरच हाये," आई म्हणाली. "एकडाव मोजून त पाहा."

"मोजू काऊन? तुह्याच पोरीनं लिवलं नं?"

ढिगात एक्क्याण्णव संत्री होती. नुसतं वाकायचं होतं त्याला. पाच बायकांना चोर ठरवलं, पण तेवढे कष्ट त्याने घेतले नाहीत. त्याचा मला आजही संताप येतो. आणि त्याहून जास्त माझा. दोन छत्तीस बहात्तर, तीन सक अठरा, वर एक. चूक मला तिथेच उमगली होती. तरी मी तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून वाटणी बंद झाली. चौघी आईशी बोलेनाशा झाल्या.

प्रशिक्षणाहून मी तडक आईकडे गेले आणि इतक्या वर्षांनी सगळं सांगून टाकलं. ती मेथी निवडत होती.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली.

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुह्या बापाले तुही शाळा सोडवाले निमित्तच पाह्यजे होतं. पोरीले धड लिवताही येत नाही म्हणला असता."

मी तिच्यावरही चिडले. चौघींचं काय, विचारलं. ती मान खाली घालून पानं खुडत राहिली. पाचजणींची वाटणी गेली होती, आणि उरलं ते नेहमीसारखं मला मिळालं होतं, माझी शाळा.