परत न गेलेली बशी

आमच्या कपाटात निळ्या काठाची एक बशी आहे. ती आमची नाही. समोरच्या घरात राहायला आलेल्या गोऱ्या म्हातारीची. बशी वेळेवर परत गेली असती तर हे लिहायची पाळी माझ्यावर आली नसती.

गोव्यात, पेडण्यात आमच्या समोरचं घर एका किरिस्तांव, म्हणजे ख्रिश्चन, कुटुंबाचं. मालक आखातात, म्हणून घर भाड्याने जातं. तिथे काही वर्षं एक परदेशी जोडपं राहिलं. दोघंही सत्तरी ओलांडलेली, दोघंही मिशनरी. ती आल्या आल्या सासूबाईंनी मला विचारलं, "पाद्रीक बायल कशी गो?" मी म्हटलं, त्यांच्या पंथात पाद्री लग्न करतात. त्यावर म्हणाल्या, "मगे बरां. जेवूक तरी कोण घालता त्याका." गावच्या चर्चमध्येही ती दोघं जात नसत, त्यामुळे किरिस्तांव शेजाऱ्यांनाही त्यांचं कोडंच होतं.

सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा भोंगा वाजला की म्हातारा पायजम्यातच फाटकाशी हजर. पाव घ्यायचा आणि खणखणीत आवाजात कोकणीतून आभार मानायचे, "देव बरें करूं!" पदेर रोज हसायचा. आठवड्यातून दोनदा म्हातारा बस बदलत डिचोलीकडे पाळी गावी जायचा. तिथे खाणीवर आणि बांधकामावर आलेल्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या मजुरांच्या मुलांना इंग्रजी शिकवायचा. म्हातारी घरी बायकांना शिवण शिकवायची. दुपारी जेवणं झाली की भांडी तो घासायचा आणि ती शेजारी बसून त्याला वाचून दाखवायची. आमच्या ह्यांना ते दृश्य मी मुद्दाम खिडकीत बोलावून दाखवत असे. "पाहिलं," हे म्हणायचे आणि पेपरात डोकं घालायचे. निर्लज्जपणा नुसता!

तुळशीचं लग्न झालं की आमचा आकाशकंदील उतरायचा. पहिल्याच वर्षी म्हातारा तो मागायला आला. "तुमचा झाला, आता आमचा," म्हणाला. तेव्हापासून दिवाळीचा तोच कंदील पुढे नाताळभर समोरच्या ओट्यावर लागायचा. सासूबाईंना याचं फार कौतुक. येईल त्याला सांगायच्या, एक कंदील आणि दोन देव.

आणि ती बशी. डिसेंबर लागला की म्हातारी केक, आल्याची बिस्किटं असं काही ना काही करून धाडायची. सासूबाई मार्गशीर्षातले गुरुवार पाळत, म्हणून केकमध्ये अंड्याऐवजी दही. बशी हातात देताना मोठ्याने सांगायची, "अंडं नाही हां!" आता आलेली बशी रिकामी परत करायची नाही, ही आमची रीत. मी तीत नारळाच्या वड्या घालून धाडायची. त्यांना वाटायचं, ही नवी भेट आली, आता आपण काही द्यायला हवं. की दुसऱ्या दिवशी बिस्किटं. की आमच्याकडून करंज्या. एकदा नाताळ संपून संक्रांत आली तरी बशी रस्ता ओलांडतच होती. शेवटी हे वैतागले, "त्या बशीला कुणीतरी बसू द्या गं!"

हसण्याचं सोडा, त्या दोघांना मनातून एकच धास्ती होती. आपण कुणाला बाटवायला आलोय असं वाड्यातल्या शेजाऱ्यांना वाटू नये. विचारल्याशिवाय देवाचं नाव काढत नसत. ती एकदा मला म्हणाली, "जाताना तुमच्या घरात आमच्याबद्दल मन दुखलेलं नको. तेवढं सांभाळलं की पुष्कळ झालं." मी म्हटलं, वेडी का खुळी, कोण दुखावणार आहे?

त्यांचं शेवटचं वर्ष आलं. नाताळ झाला की कायमचं परत जायचं ठरलेलं. डिसेंबरात केकची बशी आली, आणि ती धुऊन पुसून मी वड्यांचं खोबरं खवायला घेणार एवढ्यात सासूबाई गेल्या. बसल्या जागी, कपात एक घोट चहा उरलेला.

ती दोघं धावत आली. म्हाताऱ्याने ह्यांना विचारलं आणि सासूबाईंच्या पायांशी उभं राहून डोळे मिटून प्रार्थना म्हटली. तोवर बेळगावहून येऊन पोचलेल्या माझ्या नणंदेला ते रुचलं नाही. "हे कशाला इथे?" ती फटकन बोलली. मराठी सगळं कळत नसलं तरी सूर कळतो. म्हातारीचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पण घरात मृतदेह, दारात माणसं. कुणाकुणाकडे बघणार?

मग सुतक लागलं. सुतकातल्या घरातून कुणाला खायला द्यायचं नाही, आणि बशी रिकामी धाडायची नाही. म्हणून मी ती फडताळात नीट ठेवून दिली, बारावं झालं की भरून देऊ म्हणून. समोर सांगायला हवं, हे मनातही आलं नाही. वाड्यात कुणाला हे सांगावं लागतं? पोरासोरांनाही ठाऊक असतं.

नाताळच्या संध्याकाळी समोर काळोख होता. कंदील नाही, गाणं नाही. आम्हाला वाटलं, सामान बांधण्यात असतील, नाहीतर पणजीला आपल्या मंडळींकडे गेली असतील.

बाराव्याच्या आधीच त्यांची टॅक्सी आली. मी फाटकाशी गेले. म्हाताऱ्याने घडी घातलेला आकाशकंदील कठड्यावर ठेवला आणि म्हणाला, "आई गेल्या त्या दिवशीच उतरवला. तुमच्या घरात दुःख, आमच्याकडे दिवा कसा लावायचा?" तेवढ्यात म्हातारी दोन्ही हात पसरून मला मिठी मारायला पुढे आली.

मी मागे सरले.

सुतकातलं माणूस दुसऱ्याला शिवत नाही, प्रवासाला निघालेल्याला तर नाहीच नाही. तिला वाटेत काही होऊ नये म्हणून सरले हो मी! पण तिचे हात तसेच अधांतरी राहिले. मग तिने ते हळूच जोडले आणि म्हणाली, "आमची प्रार्थना चुकली. माफ करा." सुतकाला इंग्रजीत काय म्हणतात तेच मला सुचेना. "नो, नो," एवढंच म्हणत राहिले, मान हलवत राहिले. टॅक्सी वळली.

बारावं झाल्यावर फडताळ उघडलं, तेव्हा बशी समोर दिसली आणि सगळं एकदम लक्षात आलं. नाताळभर ती बाई बशीची वाट बघत बसली असणार. आधी नणंदेचा सूर, मग बशी नाही, मग मी मागे सरले. तिने दुसरं काय समजायचं? मी तिथेच खाली बसले आणि सासूबाईंसाठी रडले नव्हते तेवढी रडले.

त्यांचा इथला नंबर बंद. तिकडचा नंबर पणजीतल्या त्यांच्या मंडळींकडून मिळायला दुसरा नाताळ उजाडला. फोन म्हाताऱ्याने उचलला. मी भाचीला शेजारी बसवून, तिच्याकडून इंग्रजी घोटून घेतलेलं सगळं सांगितलं. सुतक, बशी, न शिवणं.

मग तो म्हणाला, आता बायकोला फारसं काही आठवत नाही. मुलांची नावं विसरते. इंडियातलं घर विसरली, शिवण विसरली. "पण रोज संध्याकाळी मला विचारते, आपलं तिथे काय चुकलं?"

"तिला सांगा," मी म्हटलं. "काही चुकलं नाही म्हणावं."

"आजच सांगतो," तो म्हणाला. "आणि उद्या परत विचारेल, तेव्हा परत सांगेन." मग थांबून, पदेराला म्हणायचा तसं, पण अगदी हळू म्हणाला, "देव बरें करूं."