कानाला लावलेला कॅल्क्युलेटर

लेकीच्या खोलीतून सोल्डरिंगचा, जळक्या राळेसारखा वास आला आणि मी थेट अंबरनाथला, बुवापाड्यातल्या आमच्या घरात पोचले.

तेव्हा मी इंजिनीअरिंगला होते. मामाने दुबईहून पाठवलेल्या कॅल्क्युलेटरवर आलेख उमटायचे, पण दर शुक्रवारच्या भारनियमनात वीज गेली की काही दिसायचं नाही. म्हणून मी तो उघडला, काचेमागचा चंदेरी कागद सोलला आणि तिथे उल्हासनगरच्या बाजारातून आणलेले हिरवे एलईडी बसवले.

त्या संध्याकाळी वीज नव्हती. मी कोपऱ्यात गणित सोडवत होते. बाबा कंपनीतून आले आणि उंबऱ्यातच थांबले. माझ्या तोंडावर हिरवा उजेड होता.

"मोबाईल कोणी दिला?"

"मोबाईल नाही बाबा, कॅल्क्युलेटर आहे. मी लाईट बसवलाय."

"मला शेंडी लावतेस?"

त्यांनी तो ओढून घेतला, उलटासुलटा केला, मागचं झाकण काढून सिमकार्ड शोधलं. मग पडद्यावरच्या नागमोडी रेषेकडे बघितलं आणि कॅल्क्युलेटर कानाला लावला. बराच वेळ तसेच उभे होते. पलीकडे कोणीतरी श्वास रोखून बसलंय, अशी त्यांची खात्रीच होती. मला हसू येत होतं आणि रडूही.

आज मी लेकीच्या दारात उभी राहिले. हातातली चमकणारी वस्तू तिने पटकन पाठीमागे नेली.

"कॉलेजचा प्रोजेक्ट आहे गं, आई."

असेलही. मी हात पुढे केला. वस्तू उलटीसुलटी केली, झाकण काढून पाहिलं. फक्त कानाला लावायची राहिली.