सत्तेचाळीस नंबरचं कुंकू

उखर्डू नानांना जन्मल्या दिवशीच उकिरड्यावर ठेवलं होतं. आधीची तीन भावंडं गेलेली. चौथं टिकावं म्हणून मरणाला फसवायचं: बाळ कचऱ्यात ठेवायचं, शेजारणीने ते उचलायचं आणि आईने सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घ्यायचं, असा शिंदखेड्याकडचा जुना उपाय. मरणाची नजर पडलीच तर त्याला वाटावं, कचरा आहे, हे काय न्यायचं. नाना हे मिशीवर हात फिरवत सांगायचे. "कचरामा टाकेल माणूस शे मी, भाऊ. माले मरण इचारत नही."

अशा माणसाला आमच्या शिक्षण संस्थेने भांडारपाल नेमलं. जळगावात मुख्य कार्यालय, जळगाव-धुळे मिळून त्रेपन्न शाळा-कॉलेजं, असा पसारा. मी तिथे करारावरचा संगणक चालक, म्हणजे पगार अकरा महिन्यांचा आणि काम तेरा महिन्यांचं. माझं टेबल नानांच्या भांडारात, पत्र्याखाली. नाना काही म्हणून टाकत नसत. कीबोर्ड उघडून दात घासायच्या ब्रशने धुवायचे आणि बटणं गोणपाटावर वाळवणासारखी पसरायचे. प्रत्येक सीपीयूवर लाल ऑइलपेंटने त्यांच्या वाकड्या हाताने नंबर. खंडेनवमीला बाकीचे पडद्यावर कुंकू लावत. नाना सीपीयूची बाजू उघडून धूळ झटकत आणि आत, खालच्या कोपऱ्यात, कुंकवाचं एक बोट टेकवत. पडद्यावरच्या डागाबद्दल एका प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला होता, तेव्हापासून देव आत राहायला गेला.

सत्तेचाळीस नंबर कमलबाईंचा. त्या आस्थापना विभागात होत्या. एकट्या, मागेपुढे कोणी नाही. डबा खाऊन झाला की घरून आणलेल्या कापसाच्या वाती वळत बसायच्या आणि वळलेली वात सीपीयूवर ठेवायच्या. कापसाचे धागे आत जायचे, महिन्याला नाना ते काढायचे, दर महिन्याला दोघांचं भांडण व्हायचं. पाच वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी कमलबाई तशाच, बसल्या जागी गेल्या. कोणाला कळलं नाही, कारण एरवीही त्या बोलत नसत. संध्याकाळी नाना कुलूप लावायला आले तेव्हा यंत्र घरघरत होतं आणि बाईंच्या बोटांत अर्धी वळलेली वात होती. पुढे मी नोकरीला लागलो तेव्हा ते टेबल मला देऊ केलं होतं. मी पत्र्याखालचं ऊन पसंत केलं.

मग खरेदी विभागात हितेंद्र सर आले आणि त्यांनी हरित खरेदीचं धोरण आणलं. चौऱ्याऐंशी पानं, एकाच बाजूला छापलेली, त्रेपन्न प्रती. चेष्टा सोडा, धोरण चांगलं होतं. कमी वीज खाणारी, दहा वर्षं टिकणारी, स्क्रू काढून दुरुस्त करता येणारी यंत्रं घ्यायची. जुनी भंगारात द्यायची नाहीत, कारण भंगारातल्या तारा गावाबाहेर जाळून तांबं काढतात आणि तो धूर तिथल्या लेकराबाळांच्या छातीत जातो. जुनी यंत्रं पुरवठादाराने परवाना असलेल्या कारखान्यात न्यायची, तिथे ती मोडायची आणि मोडताना संस्थेचा माणूस उभा पाहिजे. त्याच्या दाखल्यावर छापलेलं होतं, 'माझ्या समक्ष नष्ट केली.'

तो माणूस म्हणजे नाना. तीन वर्षांपूर्वी साठ यंत्रं ट्रकमध्ये चढली, सत्तेचाळीस नंबरही. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, होती. घरी लेकी आलेल्या, पितरांची घागर भरायची होती. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, आबा, उन्हात कशाला येता, सही करा आणि निघा. नानांनी सही केली आणि शिंदखेड्याची एसटी धरली. ही गोष्ट संस्थेत त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हती.

मोडलेल्या साठांच्या जागी नवी यंत्रं यायला, मंजुऱ्यांच्या कृपेने, दोन वर्षं लागली. गेल्या वर्षी पुन्हा आखाजीच्याच आठवड्यात ती आली. भर दुपार, पारा पंचेचाळीसला, रस्त्यावर कुत्रंही नाही. साठ खोकी, प्रत्येकावर हिरव्या पानाचं चिकटपट्टीसारखं लेबल. नानांनी 'नवी, ठरल्याप्रमाणे' असा तपासणीचा दाखला दिला की संस्थेला हरित प्रमाणपत्र मिळणार होतं. पुढच्या महिन्याच्या अखेरीला नाना निवृत्त होणार होते. शाल आणली होती. जावईसुद्धा येणार होते.

पहिलं खोकं मी उघडलं. कोरं प्लॅस्टिक, अजून वास न गेलेलं. वायर लावून बटण दाबलं, आतला पंखा फिरला आणि जाळीतून कापसाचा एक पुंजका उडून माझ्या वहीवर पडला.

मी म्हटलं, खोक्यातला असेल. नाना म्हणाले, खोक्यात थर्माकोल आहे.

त्यांनी वायर काढली आणि पेचकस घेऊन बाजू उघडली. तोंडावरचं प्लॅस्टिक नवं, बाहेरचा रंग नवा, आतला सांगाडा मात्र जुना. खालच्या कोपऱ्यात बोटाएवढा कुंकवाचा ठसा. नानांनी त्यावर स्वतःचं बोट टेकवलं. बरोबर बसलं. बोट उचललं तेव्हा टोक लाल झालं होतं.

कुंकू ओलं होतं.

मी म्हटलं, ग्रीस असेल, उन्हाने पातळ झालं असेल. मला अशा वेळी फार बोलायची सवय आहे. नानांनी नखाने बाहेरचा रंग खरवडला. खालून चार वर आला, मग सात. दोन्ही वाकडे.

"हाई माले वळखस," नाना म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आम्ही साठही उघडली. सगळ्यांचे सांगाडे जुने, पण आमचं कुंकू अकरांतच सापडलं, बाकीची दुसऱ्याच कोणाची. दहांतलं सुकून काळं पडलेलं. ओलं एकट्या सत्तेचाळीसचं.

तेव्हा नानांनी मला त्या सहीची गोष्ट सांगितली. यंत्रं जुनी आहेत म्हणावं, तर पहिला प्रश्न येणार की ही कोणासमोर मोडली होती. नवी आहेत म्हणावं, तर शाल, नारळ आणि जावयांपुढे मान. मी त्यांची समजूत काढायला गेलो. म्हटलं, नाना, चालतात ना? जुनं पुन्हा वापरात आलं, धोरणाला आणखी काय पाहिजे? नाना म्हणाले, जुनं म्हणून आणलं असतं तर मी स्वतः ओवाळून घेतलं असतं. आणि पेचकस पुसून ठेवत म्हणाले की आपल्या साठांतली अकरा परत आली. उरलेली एकोणपन्नास कुठे जळाली आणि तो धूर कोणाच्या पोराने घेतला, ते त्यांनी पाहिलेलं नाही.

तीन दिवस दाखला टेबलावर पडून होता. त्या तीन दिवसांत सत्तेचाळीसला वायर लावलेली नव्हती. पण रोज दुपारी डबा खाऊन हात धुऊन आलो की त्याच्या डोक्यावर कापसाची एक बारीक गुंडाळी असायची. पत्र्याच्या फटीत चिमण्यांचं घरटं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगून ठेवतो. चिमण्या कधी दिसल्या नाहीत, हेही. नाना ती गुंडाळी उचलत आणि सदऱ्याच्या खिशात ठेवत. भांडत नसत.

चौथ्या दिवशी हितेंद्र सर स्वतः भांडारात आले. चांगला माणूस, त्यांचा एकच दोष, की त्यांनी सगळं कागदावर पाहिलेलं. त्यांनी खिशातला पेन काढून पुढे केला आणि म्हणाले, नाना, एक सही, मग तुमच्या निरोपाचं ठरवू.

नानांनी पेन घेतला. छापील मजकुरावर रेघ मारून खाली लिहिलं : 'ही यंत्रं नवी नाहीत. यातली अकरा मी ओळखतो. ती नष्ट झाल्याच्या दाखल्यावर सही माझी आहे.'

सरांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे तुमच्यासमोर मोडली नव्हती?"

"मी तठे गऊच नही, सर."

सर एका रिकाम्या खोक्यावर बसले. खोकं हळूहळू खाली गेलं, तरी बसून राहिले. हसायची वेळ होती, पण मला हसू आलं नाही.

पुरवठादाराचं नाव यादीतून गेलं, एकोणपन्नास यंत्रं परत गेली, अकरा पुरावा म्हणून ठेवली. नानांवर चौकशी बसली. निरोप झाला नाही. निवृत्तीच्या दिवशी ते नेहमीसारखे डबा घेऊन गेले, आणि त्यांचे निवृत्तीचे कागद आठ महिने अडकले. शाल कपाटात राहिली. तिची नोंद आता माझ्याकडे आहे.

चौकशी संपल्यावर अकरा यंत्रं धुळ्याबाहेरच्या कारखान्यात गेली. निवृत्त माणसाला जायची गरज नव्हती. नाना स्वतःच्या तिकिटाने आले आणि टोपी हातात धरून चार तास उन्हात उभे राहिले. प्रत्येक नंबर मोठ्याने म्हणत होते. सत्तेचाळीस आला तेव्हा त्यांनी हात वर करून मोडायचं काम थांबवायला लावलं, सीपीयूची बाजू उघडली, आतला सगळा कापूस काढून घेतला आणि मग मान हलवली.

या आखाजीला मी सांजोऱ्या खायला शिंदखेड्याला गेलो होतो. लेकी अंगणात झोक्यावर होत्या. देवघराशी पितरांच्या घागरी, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं. शेजारी एक लहान घागर वेगळी होती, तिच्यापुढे दिवा. कोणाची म्हणून विचारलं.

नाना म्हणाले, कमलबाईंची, त्यांचं करणारं कोणी नाही. त्या कापसाच्या वाती त्यांनी स्वतः वळल्या होत्या. मग भाजीत मीठ कमी पडलंय अशा सुरात म्हणाले, "तेल टाकाना पहिलेच वात वली व्हती."

तेलाआधीच ओल्या झालेल्या वातीवर माझ्याकडे एक विनोद होता. मी सांजोरी खाल्ली.

येत्या सोमवारी बहात्तर यंत्रं मोडायला जातायत. दाखल्यावर यंदा माझं नाव छापून आलंय. काल ट्रकवाल्याचा फोन आला, भो, एवढ्या उन्हात कशाला येता, सही करून द्या. मी त्याला सांगितलं, ट्रकमध्ये पुढे एक जागा ठेव. आणि घरी येऊन टोपी शोधून काढली.