अम्मीच्या रिकाम्या प्लेटलेट्स

"मॅडम, अम्मीच्या रक्तात सेरोटोनिनच नाय. गोळी बंद केली मी," माझा जुना विद्यार्थी अस्लम कुवेतहून व्हिडिओ कॉलवर सांगत होता. त्याची बायको शबाना मोबाइल धरून माझ्यासमोर उभी होती. खुर्चीत अम्मी, म्हणजे हमीदाबी, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या होत्या.

मी निवृत्त बायोकेमिस्ट. महाडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दुपारची बसते, रिपोर्ट तपासते आणि उरलेल्या वेळात टेक्निशियन मुलींना छळते. हमीदाबी पोलादपूरच्या. नवरा गेल्यावर त्यांचं जेवण, बोलणं, सगळंच सुटलं. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली. काही आठवड्यांनी बाई शबानाच्या भाकरीला नावं ठेवायला लागल्या. म्हणजे बऱ्या होत होत्या.

तेवढ्यात अस्लमने ऑनलाइन टेस्टचं पॅकेज घेतलं. रिपोर्टात सेरोटोनिनपुढे, म्हणजे मूडशी जोडल्या जाणाऱ्या रसायनापुढे, लाल अक्षरात 'लो'.

"अरे, टेस्टच्या वेळी गोळी पोटात जात होती म्हणून लो आलंय."

"असं कसं? गोळी सेरोटोनिन वाढवते ना?"

समजावलं. रक्तातलं बहुतेक सेरोटोनिन प्लेटलेट्सच्या पोटात असतं. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. त्या ते स्वतः बनवत नाहीत. आतड्यात बनलेलं वाटेत उचलतात. त्यासाठी त्यांना एक दार असतं, आणि तसंच दार मेंदूतल्या पेशींनाही असतं. गोळी ते दार अडवते. मेंदूत सेरोटोनिन पेशीबाहेर, कामाच्या जागी रेंगाळतं. इकडे प्लेटलेट्स बिचाऱ्या रिकाम्या राहतात.

अस्लम हसला. "मॅडम, तुम्हीच शिकवलंत. प्लेटलेट म्हणजे सुईने काढता येणारा मेंदू. पाठ हाय मला अजून."

शिकवलं होतं खरं. माझी पीएचडीच त्यावरची. सेरोटोनिन पेशीला निरोप देतं ते रिसेप्टरवर. दारावरची बेल समजा. मेंदूतली एक बेल प्लेटलेटवरही असते, अगदी तीच. जिवंत माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही, म्हणून आम्ही रक्त काढून ती बेल वाजवायचो. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या की वाजली. काम चोख होतं. पण इथल्या कॉलेजात शिकवायला आले तेव्हा मला नुसतं चोख पुरेना. कडक इस्त्रीची साडी, कपाळावर मुद्दाम सोडलेली बट, आणि तास संपताना फेकलेलं ते वाक्य. टाळ्या पडायच्या. बेल सारखी म्हणून घरही तेच, असं सुचवून ती बया, म्हणजे तेव्हाची मी, स्टाफरूममध्ये चहा प्यायला जायची.

"त्या बाईचं ऐकू नकोस," मी म्हटलं. "तिला स्वतःचा आवाज फार आवडायचा. गोळी चालू कर. बंद करायची तर डॉक्टर सांगतील तशी, हळूहळू."

"तेव्हा तुम्ही रिसर्चवाल्या होता, मॅडम. आता रिटायर झालात."

मुलगा वर्गातही हुशारच होता.

शबाना हळूच म्हणाली, "गोळी होती तवा अम्मी बऱ्या होत्या. आता परत गप झाल्यात."

"तू मधी बोलू नको गो," फोनमधून आवाज आला.

मी हमीदाबींना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"पोरगा सांगंल तसं," त्या कॅलेंडरलाच म्हणाल्या.

मी डॉक्टरांना कळवलं. त्यांनी अस्लमला फोन केला. अस्लमने त्यांना एक यूट्यूब व्हिडिओ पाठवला आणि अम्मीसाठी 'मूड'च्या कॅप्सूल मागवल्या.

काही महिन्यांनी त्याने तीच टेस्ट पुन्हा करवली. रिपोर्ट घेऊन शबाना एकटीच आली. सेरोटोनिन नॉर्मल. येणारच. दार मोकळं झालं, प्लेटलेट्स भरल्या. अस्लमचा मेसेज आधीच आला होता. "बघा मॅडम, जमलं."

"अम्मी कुठायत?"

"घरात. भिंतीकडं तोंड करून. पाणी पाजायला पण उठवावं लागतं."

"डॉक्टरांकडे आण त्यांना. आजच."

"कशी आणू? हे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल हाय, आता डॉक्टर कशाला." तिने रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "यात कायतरी चूक काढा ना, मॅडम. तुमचं ऐकतील."

मी चष्मा पुसून रिपोर्ट दोनदा वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच चूक सापडावी म्हणून वाचला. आकडा ठीक, रेंज ठीक, सही ठीक. हमीदाबींच्या प्लेटलेट्सची तब्येत उत्तम होती. हमीदाबींची टेस्ट कुणी केलीच नव्हती.