सेन्सर चांगला निघाला

प्रेमला गायकवाड हडपसरच्या एका कारखान्यात मीटर तपासायला होती, तिचा नवरा कचरू तिथेच फिटर. कारखाना बंद पडला आणि कचरू घरी बसला तो बसलाच. प्रेमलाने गाडी शिकून घेतली, एक जुनी कार घेतली आणि आयटी कंपनीतल्या तीन मुलींना ने-आण करायचं काम धरलं. चार वर्षांत तिने एकही फेरी चुकवली नाही.

मग डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी धक्के देऊ लागली, पीयूसी मिळेना. गॅरेजवाला म्हणाला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर गेलाय, बदलून टाका. एवढ्यावर निभावलं तर बरंच, पण आधी आपण स्वतः तपासायचं असं तिने ठरवलं.

रविवारी सकाळी तिने घरासमोरच बॉनेट उघडलं. कचरूला ॲक्सिलरेटर दाबायला आत बसवलं, इंजिन चांगलं तापू दिलं आणि सेन्सरच्या वायरीला मल्टिमीटर लावला. आकडा सारखा खालीवर व्हायला हवा होता. तो तळाशीच खिळून राहिला. प्रेमलाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे सेन्सरच गेला होता.

पण तपासणी अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती. तिने इंजिनच्या हवेच्या नळीत पेट्रोलसारख्या जळणाऱ्या क्लीनरचा फवारा मारला. आकडा झटकन वर गेला, फवारा थांबताच खाली आला. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. सेन्सर ठणठणीत होता, म्हणजे बिघाड इंजिनातच होता. मग तिने इंजिन चालू ठेवून एकेका स्पार्क प्लगची वायर काढून पाहिली. तिसऱ्याची काढली तरी इंजिनच्या आवाजात काडीचा फरक पडला नाही. प्लग तेलाने माखला होता. तो सिलिंडर कामातून गेला होता, आणि इंजिन नव्याने बांधायचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता.

कचरू गाडीतून उतरला नाही. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दिवाळीपासून आवाज येत होता," तो म्हणाला.

"तेव्हाच उघडलं असतं तर वाचलं असतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

कचरू स्टिअरिंगकडे बघत राहिला. "तू गॅरेजवाल्याला विचारत होतीस. मला कुठे विचारलंस?"

त्याने चार वर्षांत गाडीला हात लावला नव्हता, आणि लाव म्हणून तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

सोमवारी कंपनीला गाड्या पुरवणारा ठेकेदार सुदर्शन याने मुलींसाठी दुसरी गाडी लावली. प्रेमला एका गोदामात खोकी बांधायला जाऊ लागली. ती दमून येई, कचरू तिचं ताट वाढून ठेवी, आणि ती जेवून पाठ करून झोपे. भंगारवाला गाडी ओढून नेत होता त्या दिवशी दोघं दाराच्या दोन बाजूंना उभी होती.