टेस्ट पेजची मागची बाजू

आमच्या ऑफिसात प्रिंटर सांभाळणाऱ्या टोनरकाकांना हाक मारायला सगळे घाबरायचे. काका तापट होते म्हणून नव्हे. हाक मारली की ते लगेच यायचे, दोन मिनिटांत काम उरकायचे आणि पुढची वीस मिनिटं हलायचे नाहीत. प्रिंटरच्या रोलरपासून सुरू झालेली गोष्ट दूर राहणाऱ्या मुलीवरून जावयाच्या पाठदुखीपर्यंत जायची, आणि आपण नुसतं "हो का, अरेरे" करत उभं राहायचं.

मी आवक-जावक विभागात. आलेली पत्रं नोंदवायची, जाणारी पाठवायची. माझ्या टेबलापासून काकांचा कोपरा वीस पावलांवर, आणि मध्ये तो मोठा प्रिंटर, अख्ख्या मजल्याचा एकच. पूर्वी अशी अकरा मशीन होती. आता निम्मं ऑफिस घरून काम करतं, म्हणून एकच उरलं. साहेबांनी काकांनाही दोनदा सुचवलं होतं, "तुम्हीसुद्धा घरून बसा की." दुसऱ्या कोणीही टुणकन उडी मारली असती. काकांच्या तोंडचं पाणी पळायचं. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून घरात कोणी नाही. "मशीन आहे ना साहेब, त्याला हात लावायला माणूस लागतो," असं सांगून ते वेळ मारून न्यायचे. त्या रिकाम्या घरापासून त्यांना वाचवणारं ते एवढं एकच मशीन उरलं होतं.

आणि ते मी बिघडवलं.

सकाळचे नऊ-सव्वानऊ झाले असतील. एक पत्र तातडीने हवं होतं. प्रिंटरच्या पडद्यावर कसलासा प्रश्न आणि खाली दोन बटणं. मी न वाचता 'हो' दाबलं. आपण सगळीकडे तेच करतो. एक पट्टी भरायला लागली आणि बासष्ट टक्क्यांवर येऊन अडली. काका पलीकडे पाण्याची बाटली भरत होते. हाक मारायला हवी होती, पण वीस मिनिटं कोणाला होती? मग मी त्यांचाच रामबाण उपाय केला. तक्रार कोणतीही असो, काकांचं पहिलं औषध ठरलेलं: बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा. आम्ही त्यावरून त्यांची नक्कल करायचो. तशीच नक्कल करत मी प्लग उपसला, मोठ्याने चारपर्यंत मोजलं आणि परत खुपसला.

पडदा पांढरा झाला, बाजूला लाल दिवा लागला आणि मशीनने मान टाकली. मी जागेवर जाऊन मूग गिळून बसले.

दहा वाजेपर्यंत मशीनपुढे गर्दी झाली. साहेब आले. "कोणी काय केलं याला?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीतल्या प्लगकडे. "कोणी काही नाही केलं साहेब. अपडेट अर्धवट उतरलं."

"दुपारपर्यंत होतंय का बघा. नाहीतर प्रिंटरच्या कंपनीला सांगून उचलायलाच लावतो. मग तुम्हालाही रोज इथे यायची दगदग नको."

काकांनी मान हलवली. त्याच दगदगीसाठी तो माणूस रोज साडेसातला घर सोडायचा.

मला राहवलं नाही. जवळ जाऊन विचारलं, "काका, काही मदत करू?" ते इतके खूश झाले की मला आणखीच चोरट्यासारखं झालं. माझ्यासाठी त्यांनी स्टूल पुसून दिलं. "त्याचं काय आहे ताई, मशीनच्या आत त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. फर्मवेअर. नवं भरताना मध्येच वीज तुटली, की जुनंही जातं आणि नवंही धड येत नाही." वीज कशी तुटली, हे त्यांनी विचारलं नाही.

कंपनीच्या मदत केंद्रातली मुलगी फोनवर यादी वाचत होती. "बंद करून चालू केलंत का?"

"ते आधीच झालंय," काका म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मग दोन बटणं दाबून धरून मशीन चालू करायचं, पेनड्राइव्हवरून फर्मवेअर पुन्हा भरायचं, असं सुरू झालं. पहिला पेनड्राइव्ह मशीन वाचेना. दुसऱ्यावर फाइल भलत्याच मॉडेलची निघाली. मी हात टेकले होते, काका मात्र ताप आलेल्या पोराशी बोलावं तसं मशीनशी बोलत होते. पावणेबाराला पट्टी शंभरावर पोचली आणि पडदा उजळला. पण मशीन कोरं करकरीत! नेटवर्कमधला स्वतःचा नंबर आठवेना, मेलचा पत्ता नाही, कोणाचंही नाव नाही.

"सेटिंग्जचा बॅकअप आहे ना?" फोनवरच्या मुलीने विचारलं.

"आहे तर!" म्हणत काकांनी खालच्या खणातून चार जाड फायली काढल्या.

टेस्ट पेजेस. रोज सकाळी आल्याआल्या ते एक टेस्ट पेज छापायचे. 'काकांची हजेरी' म्हणून आम्ही त्याला हसायचो, कागद फुकट जातो म्हणून कुरकुरायचो. त्या पानांवर मशीनचा प्रत्येक आकडा होता. शेवटचं पान घेऊन मी वाचायला लागले आणि ते पडद्यावर बोट मारत एकेक भरायला लागले. नावांची यादी तेवढी महिन्याच्या पहिल्या तारखेलाच छापलेली असायची. ती शोधताना पानं उलटली गेली.

मागच्या बाजूला पेनाने लिहिलेलं होतं. रोज एक ओळ.

'कागद दोनदा अडकला. पाच जण येऊन गेले. छान दिवस.'

'मुलीचा फोन. तीन मिनिटं.'

'मशीन ठणठणीत. कोणी आलं नाही.'

'मशीन ठणठणीत. कोणी आलं नाही.'

पानंच्या पानं तेच. काही ओळींच्या सुरुवातीला 'अगं' लिहिलेलं होतं. घरी गेल्यावर ज्या बाईला हे सांगायचे, ती आता नव्हती. सगळ्यात वर, मागच्या शुक्रवारच्या पानावर होतं: 'ताईंशी बोलणार होतो. त्या कामात होत्या.' मी कसल्या कामात! मोबाइलवर घरच्या खिडक्यांसाठी पडद्यांचे रंग बघत होते. ते माझ्या टेबलाशी येऊन थांबलेले मला दिसले होते, आणि मी मान वर केली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

"ताई, पुढचा आकडा?"

मी पान सुलटं केलं आणि आकडा वाचला.

एकच्या सुमारास मशीन घरघरलं आणि गरम पान बाहेर आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी काकांचा खांदा थोपटला. "कमाल केलीत! आणि आता या नव्या फर्मवेअरमुळे कंपनी म्हणे लांबूनच सगळं बघणार. सुटलात तुम्ही. उद्यापासून घरूनच करा, आरामात."

साहेब मनापासून बोलत होते, तीच पंचाईत होती. काका म्हणाले, "बरं साहेब." मला तोंड उघडता आलं असतं, पण मी उघडलं नाही.

संध्याकाळी त्यांनी पिशवी आवरली आणि फायली माझ्या टेबलावर ठेवल्या. "लागल्या तर असू देत." चार पावलं जाऊन परत आले. "आणि ताई, दहापर्यंत मोजायचं असतं. तुम्ही चारलाच थांबलात."

मशीन खरंच सुधारलं. कागद अडकेना, कोणाची तक्रार येईना. तिसऱ्या दिवशी मी लवकर आले होते. मजल्यावर कोणी नव्हतं. ठीक साडेआठला प्रिंटर आपोआप जागा झाला आणि एक पान बाहेर पडलं. टेस्ट पेज. जाण्यापूर्वी काकांनी ते रोज छापायची वेळ मशीनमध्ये लावून ठेवली होती. मी पान उलटून पाहिलं. कोरं.

मी त्यांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काय बिघडलं?" त्या आवाजात केवढी आशा होती.

"मशीन चालत नाहीये काका."

नेमकं तेव्हाच कोणीतरी घरून पाठवलेलं पंचवीस पानांचं काम माझ्या मागे धडाधड छापायला लागलं. फोनमध्ये ते ऐकू न जाणं शक्यच नव्हतं.

"बंद करून चालू केलंत?"

"केलं."

"दहापर्यंत मोजलंत?"

"मोजलं काका."

"मग मला यायलाच हवं," ते म्हणाले.