पालबाई

पाल चुकचुकली की माणसं हातातलं काम थांबवतात. आमच्या बाई खुर्चीवर चढायच्या. ट्यूबलाइटमागे डोकं घालून म्हणायच्या, "थांब गं, बोटं बघू दे तुझी." सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. हजेरीपुस्तकावर नाव काहीही असो, सगळ्यांना त्या पालबाईच.

विणकर घरातल्या. घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि रागावल्या की दोन्ही. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "मगरीच्या घरी लग्न निघालं, तर भाऊबंदांतला पहिला मान कुणाचा?"

आम्ही एका सुरात ओरडलो, "पालीचा!"

"चुकलं. कोंबडीचा. मगर आणि पक्षी जवळच्या पूर्वजाची लेकरं, पाल लांबची. तोंडावळ्यावरून नातं लावायचं नाही, पूर्वज शोधायचा."

एम.एस्सी.ला मी त्यांच्याबरोबर करमाळ्याकडचे खडक पालथे घातले. तिथल्या एका फिकट पालीनं बाईंना झपाटलं होतं. नराच्या मांडीखाली बारीक छिद्रांची ओळ असते. हिच्यात ती मध्येच तुटलेली. ही जात वेगळीच, अजून कुणी नोंदवलेली नाही, असं बाईंचं ठाम मत. शेळ्या राखणारे एक काका म्हणाले, "बाई, पाल ती पाल. त्यात काय बगायचं?"

"तुमी तुमची शेळी वळखता का न्हाई?"

"व्हय की!"

"मग मला माझी पाल वळखू द्या की."

काका हसले आणि आमच्यासाठी दगड उलटायला लागले.

बाईंनी शोधनिबंध पाठवला. तो परत आला: नुसत्या छिद्रांवर भागणार नाही, डीएनए तपासा. आमच्याकडे तशी सोय नव्हती. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे कुरकुरत होते. तरी बाई उन्हाळ्याची सगळी सुट्टी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत, लेकीच्या वयाच्या मुलांकडून शिकत राहिल्या.

परतल्या त्या दिवशी त्यांनी टेबलावर डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षाचा कागद पसरला. करमाळ्याची पाल जिल्हाभर सापडणाऱ्या साध्या खडकपालीच्याच फांदीवर बसली होती. वेगळी जात नव्हतीच. बाईंचं बोट त्या फांदीवर बराच वेळ थांबलं. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

विभागातले एक सर हळूच म्हणाले, "मॅडम, राहू द्या हे छापायचं. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय की," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या लिहायला बसल्या. छिद्रांची ओळ एकाच जातीत कशी बदलते आणि तेवढ्यावरून जात वेगळी काढली तर कशी फसगत होते, हे त्यांनी स्वतःचंच उदाहरण देऊन मांडलं. निबंध छापून आला. त्यात नवं नाव एकही नव्हतं, पण बाईंनी तो ताठ मानेनं आम्हाला वर्गात शिकवला.

निवृत्तीनंतर त्या लेकीकडे हैदराबादला निघाल्या. मी स्टेशनवर सोडायला गेले होते. मला रडू फुटणार हे ओळखून त्यांनी कामाचंच काढलं. "जेऊरकडचे खडक आपले बघायचे राहिलेत. ते आता तुझ्याकडे."

"बघते, बाई."

गाडी हलली तशा त्या खिडकीच्या गजांना धरून पुढे वाकल्या. "आणि ऐक, माझं बरोबर असेल असं धरून जाऊ नकोस!"

रविवारी सकाळच्या गाडीनं मी जेऊरला उतरले.